शेजारचं माणूस

आत्याचं सगळं आयुष्य वाफेत गेलं. मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत ती चादरी वाळवायच्या नि इस्त्रीच्या कामाला होती. बाहेर कडाक्याची थंडी असो नाहीतर ऊन, आत घाम ठरलेला. म्हणून निवृत्त झाल्यावर डोंगरावरच्या राष्ट्रीय उद्यानात जायचं आणि पोटभर बर्फ बघायचा, हे तिनं कधीचं मनाशी धरलं होतं. लग्न केलं नाही, भावाची पोरं वाढवली, आणि त्या पोरांच्या पाठोपाठ अख्खी लाँड्रीही तिला आत्याच म्हणायला लागली.

आज भाची सोबत येणार होती. आत्या बसपाशी पोचली आणि फोन वाजला.

"आत्या, नाही गं जमत. ऑफिसातून सोडेनात. तू जा ना, मस्त मजा कर!"

"बरं बाई," आत्या म्हणाली. दुसरं काय म्हणणार? खिडकीपाशी बसून तिनं शेजारच्या रिकाम्या सीटवर डब्याची पिशवी ठेवली. डबा दोघींचा होता.

बसचा गाइड तोंडाचा पट्टा सुटलेला गडी होता. "मंडळी, मी डोकी मोजत नाही! डोकी हलतात, गणित चुकतं. प्रत्येकानं फक्त आपल्या शेजारच्यावर लक्ष ठेवायचं. मी विचारणार, शेजारचं आलं का? असेल तर म्हणायचं, आलं! नसेल तर बोंब ठोकायची. माझ्या बसमधून आजवर एक माणूस मागे राहिलेलं नाही."

लोक हसले. नवऱ्यांनी बायकांकडे बघितलं, बायकांनी नवऱ्यांकडे. आत्यानं पिशवीकडे बघितलं.

पहिला थांबा हरणांचा होता. धुक्यात कळप उभा होता आणि एक पाडस आईच्या पोटाखालून डोकं काढून बघत होतं. "अगं, ते बघ," असं म्हणायला आत्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आपल्याला दिसलेलं कुणाला तरी दाखवल्याशिवाय ते नीट बघितल्यासारखं वाटतच नाही. सगळे परत चढले, गाइड ओरडला, "शेजारचं आलं का?" आणि बस दणाणली, "आलं!" तेव्हा आत्याच्या ध्यानात आलं, की आपल्यासाठी यातलं कुणीच ओरडलेलं नाही. आपण चढलो नसतो तरी बस अशीच दणाणली असती. हे कुसळासारखं तिच्या मनात रुतून बसलं.

दुपारी बस गोठलेल्या तळ्याशी थांबली. काय ते पांढरं! धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री केलेलं, एकही सुरकुती नाही. आत्याला हसू आलं आणि मग लाँड्रीतली जोडीदारीण आठवली, जिला सगळ्या जाडी म्हणायच्या. लाँड्रीत मोठ्या चादरीची घडी घालायला दोघी लागत. एकीनं हे टोक धरायचं, दुसरीनं समोरचं, चादर ताणायची आणि चालत जवळ यायचं. समोरचं टोक वर्षानुवर्षं जाडीनं धरलं. जवळ आली की कानात काहीतरी चावट बोलायची आणि आत्याच्या हातून टोक सुटायचं. जाडी आजारपणात गेली, तिच्या जागी घड्या घालायचं यंत्र आलं. त्या दिवसापासून आत्या फार एकटी पडली होती. घरी कोण जेवलं, कोण राहिलं, हे ती रोज विचारायची. तिला कुणी विचारायचं नाही.

हॉर्न वाजला. लोक पळाले. आत्या झाडापाशी उभी राहिली. बघू तरी, तिनं मनाशी म्हटलं.

"शेजारचं आलं का?"

"आलं!"

दार लागलं आणि बस वळणाआड गेली.

म्हातारपणी ही कसली थेरं, असं म्हणून तिनं स्वतःलाच शिव्या घातल्या. फोनला रेंज नव्हती. बोटं बधिर व्हायला लागली. बाकावर कुणा पोराची लाल लोकरी टोपी पडली होती. आत्यानं ती उचलली, बर्फ झटकला, आणि सवयीनं तिची नीट घडी घातली.

तेवढ्यात घरघर ऐकू आली. बस परत येत होती! आत्याचे डोळे भरून आले. आले, माझ्यासाठी आले! सगळ्यांची माफी मागायची, असं ठरवत ती लगबगीनं पुढं झाली.

दार उघडलं, चार-पाच जण उतरले आणि त्यांच्यामागून गाइड उडी मारून उतरला. "मावशी, इथं लाल टोपी दिसली का हो? पोरानं रडून बस डोक्यावर घेतलीय!"

आत्यानं हात पुढं केला.

"वा! पण तुम्ही कशाला उतरलात एवढ्या थंडीत? मी शोधली असती की. चला, चढा."

बसमध्ये गाइडनं टोपी उंच धरली. "बघितलंत? आपल्या बसमधून माणूस सोडा, टोपीसुद्धा मागे राहत नाही!"

टाळ्या पडल्या. आत्यानंही वाजवल्या. न वाजवून कसं चालेल?

शेवटचा थांबा दरीच्या टोकाचा होता. ऊन उतरलं होतं. आत्या सगळ्यांच्या आधी परत येऊन बसली.

"शेजारचं आलं का?"

"आलं!"

मग मागून एक खणखणीत आवाज आला, यंत्रांच्या घरघरीवर चढवायची सवय असलेला. "मी आले."

गाइड हसला. "मावशी, तुमचं नाही, शेजारचं विचारलं!"

सगळी बस हसली.

"शेजारी कुणी नाही," आत्या म्हणाली. "म्हणून माझं मीच सांगते."

गाइडनं रिकाम्या सीटवरची पिशवी बघितली. मग पुढच्या सीटवरच्या पोराच्या डोक्यावरची लाल टोपी बघितली. त्याचा चेहरा उतरला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "मघाशी तळ्यापाशी तुम्ही..."

"चला आता," आत्या म्हणाली. "अंधार पडेल."