काचेतल्या बाईचं कुंकू

नजर लागणं, अंगारे-धुपारे, स्वप्नात कोणी येऊन सांगणं... यातलं काहीही माझ्यासमोर काढा, मी तुमच्याशी भांडेन. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला चिप-मशीनच्या लेन्सेसवर काम करते. काच म्हणजे माझा रोजचा धंदा. तरीही हे लिहितेय.

शनिवारी मी फीट्स, म्हणजे इथली सायकल, काढते आणि ॲनेलीसच्या वर्कशॉपमध्ये रंगीत काचा जोडायला शिकते. तिच्याकडे वेल्समधल्या एका खेड्यातल्या चर्चची, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली खिडकी दुरुस्तीला आली होती — हातात दिवा घेतलेली एक बाई. एवढं मोठं काम ॲनेलीसला पहिल्यांदाच मिळालेलं. त्यात काही बिघडलं असतं तर पुन्हा कोणी तिला जुनी काच दिली नसती.

त्या शनिवारी पुण्याहून आलेल्या आईला सोबत नेलं. बाबा गेल्यापासून ती कपाळाला काही लावत नाही. कितीदा सांगितलं, वाद घातला, ऐकेल तर शपथ! पण पर्समध्ये कुंकवाची डबी असतेच — माझं कपाळ ओकंबोकं दिसलं की बोट टेकवायला.

मी काचा जोडायच्या शिशाच्या पट्ट्या कापत होते. वळून बघते तर आई खिडकीतल्या बाईला कुंकू लावतेय.

"अगं आई! हात काय लावतेस!"

"दिवा धरून उभी आहे बिचारी. मोकळं कपाळ बरं दिसतं का?"

ॲनेलीस कापूस घेऊन धावली. पुसलं... निघेना. कापसालाही काही लागेना. भिंगाखाली पाहिलं, तर तो लाल ठिपका काचेच्या आत होता. चेहऱ्याच्या भाजून पक्क्या केलेल्या रेषांच्याही खाली. अहो, कुंकू काचेत मुरत नाही! हे मी पोटापाण्याच्या अनुभवावरून सांगतेय.

ॲनेलीसने रडवेल्या आवाजात वेल्सच्या पाद्रींना फोन लावला. ते हसले. "लाल ठिपका ना? तो पहिल्यापासून आहे. गावातली मुलं नेहमी विचारतात, हे काय म्हणून."

माझ्या फोनमध्ये त्याच सकाळचे फोटो आहेत. कपाळ कोरं. अजूनही झूम करकरून बघते... ॲनेलीसही बघते.

आईला मात्र ते फोटो बघायचेही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबी उघडून आरशासमोर उभी होती. मी चहा घेऊन दारातच थांबले.

"नवरा आहे की नाही, हे त्या काचेतल्या बाईला कुणी विचारलं का गं?" आई म्हणाली, आणि तिने बोट स्वतःच्या कपाळाला टेकवलं.