आरोवानाचा उजवा डोळा

दारव्ह्यात माझं कृषी केंद्र होतं. बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं. कापसाचे ते वाईट दिवस होते. लागोपाठ दोन हंगाम बोंडअळीने खाल्ले आणि दुकानाची पायरी चढणारा प्रत्येक जण भांडायलाच येतो आहे असं मला वाटायला लागलं. तेव्हा मेव्हण्याने सुचवलं की दुकानात आरोवाना मासा ठेव, तो मालकावर येणारं संकट स्वतःवर घेतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी चारचौघांत ठासून सांगत असे. तरी नागपूरहून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, मांडीवर धरून मासा आणला तो मीच.

टाकी ठेवायला काउंटरच्या बाजूला खाली चांगली जागा होती. पण नशीब पायाजवळ कसं ठेवायचं? म्हणून वेल्डरकडून भक्कम लोखंडी घोडी करून घेतली आणि टाकी देवाच्या फोटोच्या उंचीला नेली. मासा हातभर लांब, चांदीच्या पत्र्यासारखा. गिऱ्हाईक मान वर करून त्याच्याकडे पाही, तो खाली गिऱ्हाइकाकडे. रोज सकाळी मी स्टुलावर चढून त्याला कोंबडीच्या काळजाचे तुकडे टाकायचो. स्वतःच्या पोरांच्या ताटात कधी इतकं लक्ष घातलं नव्हतं.

तिसऱ्या हंगामात पाऊस बरा झाला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली आणि अळी पुन्हा आलीच. फवारणीची एकच घाई उडाली. त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की माशाचा उजवा डोळा खाली झुकला आहे. बुबुळ कायम तळाकडे, काहीतरी सांडलं आहे आणि तो ते शोधतो आहे असं. मी घाबरलो, हे कबूल करतो. संकट माशापर्यंत आलं म्हणजे आता पाळी माझी, असा माझा हिशेब.

नागपूरच्या मासेवाल्याला फोन लावला. त्याने पोलीस विचारणार नाहीत इतके प्रश्न विचारले. काय खायला घालता? ते तरंगतं की बुडतं? दिवसातून किती वेळा? टाकी किती उंच आहे? दिवा कुठल्या बाजूला? टाकीच्या खाली काय हालचाल असते? उडी मारून झाकणावर आपटला होता का? सगळी उत्तरं मी बिलबुकाच्या पाठीवर लिहून काढली आणि पुन्हा एकदा वाचून दाखवली. तो म्हणाला, एकच कारण छातीठोक कोणी सांगणार नाही. हा पाण्याच्या वरच्या थरात खाणारा मासा, याचं तोंडसुद्धा वरच्या बाजूला वळलेलं. खाणं तळाशी गेलं की तो खाली बघत राहतो. टाकी उंच असली की सगळी वर्दळ खालीच दिसते. रोज काळीज खाऊन डोळ्यामागे चरबी साठते आणि डोळा ढकलला जातो. कधी मार लागलेला असतो, कधी जन्माचीच खोड असते. काळीज बंद करा, तरंगणारं खाणं द्या, टाकी खाली घ्या. तोवर तळाच्या काचेला बाहेरून कागद लावा आणि पाण्यावर एक चेंडू सोडा, नजर वर राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर उभा राहून टाकीच्या तळाला जुनं कॅलेंडर चिकटवत होतो, तेवढ्यात तो आला. तो म्हणजे जवळच्या गावातला फवारणीचा मजूर. शेत त्याचं नव्हतं, तो रोजाने दुसऱ्यांच्या शेतात पंप पाठीवर घ्यायचा, आणि औषध न्यायला वर्षानुवर्षं माझ्याकडेच यायचा. काउंटरची कड धरून म्हणाला, "डोयाची लय आग होऊन राह्यली भाऊ. समोरचं धुरकट दिसून राह्यलं."

मी स्टुलावरून उतरलोसुद्धा नाही. थंड पाण्याने धू आणि तोंडाला रुमाल बांधत जा, एवढं सांगितलं. किती दिवस मारतो आहेस, वारा कुठून होता, उलटी झाली का, घाम सुटतो का, एक प्रश्न विचारला नाही. दोन औषधं आणि पीक जोमात राहावं म्हणून तिसरं, असं एकाच पंपात कालवायला आठवड्यापूर्वी मीच सांगितलं होतं. तिसरं बिलावर नव्हतं. आमच्या धंद्यात सगळेच तसं सांगत. तो वर माशाकडे डोळे बारीक करून पाहत उभा राहिला आणि याच्या डोळ्याला काय झालं, असं त्याने विचारलं. कारण शोधतो आहे, मी म्हणालो. मग तो गेला आणि त्या दिवशीही त्याने फवारलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको आली. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातून काळीपिवळीत बसून थेट माझ्या दुकानात. नवरा भरती होता. डॉक्टरांना औषधांची नावं हवी होती.

"सगळे लिहून द्या भाऊ. एकबी सुटू देऊ नका म्हणे."

कृषी खात्याची तपासणीची पथकं फिरताहेत, अशी कुणकुण बाजारात होती. मी दोन नावं लिहिली आणि पेन थांबलं. तिला वाचता येत नव्हतं, पण पेन थांबलेलं तिला दिसलं. झालं का, तिने विचारलं. झालं, मी म्हणालो. तिने कागद पदराच्या गाठीत बांधला आणि ती गेली. मी केलं ते हे. पुढे मी काय केलं ते सांगून याची बरोबरी होत नाही.

संध्याकाळी मासा पहिल्यांदा वर येऊन तरंगणारं खाणं खाऊन गेला आणि मला आनंद झाला. त्या आनंदाची मला अजून लाज वाटते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरी बाटली पिशवीत घालून यवतमाळची बस धरली. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी बाटलीवरचा कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हे काल पाहिजे होतं."

तो वाचला. डावा डोळा गेला. उजव्याला समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही.

पथक आलं तेव्हा जिल्हाभर जे बोललं जात होतं तेच मी बोललो. हे लोक उघड्या अंगाने फवारतात, वाऱ्याकडे तोंड करून फवारतात, त्याच हातांनी तंबाखूचा खर्रा खातात. खोटंही नव्हतं. त्याच्याकडे मास्क नव्हता. औषधांच्या खोक्यांबरोबर आलेले मास्क माझ्या गोदामात उंदीर कुरतडत होते.

दिवाळीनंतर बायकोचा हात धरून तो दुकानात आला. टाकी तोवर मी काउंटरच्या बाजूला, खाली आणली होती. बाकावर बसून त्याने पाण्याच्या मशिनच्या आवाजाकडे मान वळवली.

"माशाचा डोया सुदरला काय भाऊ?"

नाही, म्हणालो. एकदा झुकला की सहसा परत येत नाही.

"कारण तरी गवसलं?"

मी सांगत गेलो. टाकी उंच होती. खायला चुकीचं मिळत गेलं. त्याला जे सोसायचं नाही ते रोज मीच घालत होतो. तो मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत होता.

"मंग त्याची काई चूक नव्हती," तो म्हणाला.

त्याची बायको माझ्याकडे पाहत होती. तिसरं नाव डॉक्टरांनी तिला सांगितलं आहे, हे मला तेव्हा कळलं. नवऱ्याला तिने सांगितलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही.

नव्हती, मी म्हणालो, त्याची चूक नव्हती. पुढचं वाक्य मला त्या दिवशीही बोलता आलं नाही.