सखूमावशी समुद्रात गेली

जीप गावाबाहेर पडली तरी सखूमावशीचा मुलगा भगवान मोटारसायकलवरून शेजारी येतच राहिला. शेवटी खिडकीपाशी येऊन म्हणाला, "सुनंदाताई, आई कदी बीडच्या पलीकडं गेलेली न्हाई. नीट माघारी आणा, बगा."

"आणते," मी म्हणाले. म्हणायला काय जातं!

आमच्या महिला दूध संस्थेची मी अध्यक्ष. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नव्हता. टँकर आला की आधी जनावरांचा हौद भरायचा, मग घरातले हंडे, असं आम्ही बायांनी ठरवलं आणि नेमानं पाळलं. आसपासच्या संस्था बंद पडल्या, आमचं दूध संकलन एक वेळही चुकलं नाही. म्हणून दूध संघानं आम्हाला विशाखापट्टणमची डेअरी बघायला पाठवलं. सखूमावशी आमच्यात सगळ्यात थोरली. धनगराची बाई, उमर मेंढरांमागं गेलेली. उतारवयात दोन म्हशी घेऊन संस्थेत आली होती.

नांदेडला रेल्वेत बसलो. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर हिरवे डोंगर आणि ताडाची झाडं पळत होती. विशाखापट्टणम मोठं गमतीचं शहर. मागं वळून बघावं तर डोंगर, पुढं बघावं तर गल्लीच्या टोकाला समुद्र उभा. पहिल्यांदा दिसला तेव्हा आम्ही बघतच राहिलो. मावशीनं तेवढे हात जोडले.

डेअरी बघून झाली आणि दुसरा दिवस फिरायला मोकळा मिळाला. सकाळी पेसरट्टू (मुगाचं धिरडं) आणि आल्याची चटणी खाल्ली. चटणीनं डोळ्यांत पाणी आणलं, तरी बोटं चाटली. मग दोरीवरच्या पाळण्यातून कैलासगिरीच्या डोंगरावर गेलो. खाली किनारा कोयत्यासारखा वाकलेला. पाळण्यात मी डोळे मिटले होते. मावशी मात्र खिडकीला नाक लावून बसली होती.

उतरून किनाऱ्यावर आलो. जत्रेसारखी गर्दी. भाजलेली कणसं घेऊन वळलो, तर मावशी नाही.

आधी हसलो, मग हाका मारल्या, मग धावायला लागलो. तिच्याकडं फोन नाही, अक्षरओळख नाही, इथली भाषा तर आम्हालाही येत नव्हती. पोलिसाला मी हिंदीत सांगितलं, "हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू." तोही बिचारा आमच्यासोबत फिरला. पाण्याच्या कडेला एक जुनी चप्पल दिसली आणि मी तिकडं धावले. चप्पल तिची नव्हती, पण मी वाळूत बसले आणि रडायला लागले. भगवानला काय तोंड दाखवू?

"सुनंदाताई, तिकडं बगा!" आमची लता ओरडली.

लाटेवर एक पडव (होडी) डुलत येत होती. दोघं कोळी वल्हवत होते आणि मधोमध, काठाला धरून, हिरव्या लुगड्यातली सखूमावशी बसली होती. पदर वाऱ्यावर, तोंडभर हसू. कोळ्यांनी होडी वाळूत ओढली. काठावर वाट बघत उभी असलेली नुकम्मा नावाची कोळीण पुढं झाली आणि तिनं मावशीला हात देऊन उतरवलं. वल्हवणाऱ्या दोघांतला एक नुकम्माचा नवरा, तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "अम्माने हाथ से बोला, अंदर जाना है. हम ले गया."

मी मावशीच्या गळ्यात पडले. "मावशी, जीव गेलता माझा!"

"कावून रडायलीस गं?" तिनं माझे डोळे पुसले. "पाणी बगायलाच आलो न्हवं आपण? मग कडंला उभं ऱ्हाऊन काय बगायचं? मी गेलते मदी. खाली पाणी, भवताली पाणी. लई पाणी हाय, सुनंदे! चला, तुमी बी चला!"

आणि आम्ही गेलो. लता पहिल्या लाटेला किंचाळली, दुसऱ्या लाटेला हसली. मी घट्ट डोळे मिटले होते, मावशीनं पाठीत धपाटा घातला तेव्हा उघडले. समोर सगळं शहर ओंजळीत धरल्यासारखं डोंगरांच्या कुशीत बसलं होतं. समुद्रात घुसलेल्या एका डोंगराला तिथं डॉल्फिनचं नाक म्हणतात. आम्हाला तो हौदात तोंड घातलेल्या म्हशीसारखा दिसला. "पी बाई, पोटभर पी," मावशी त्याला म्हणाली. नुकम्मा आमच्यासोबत होती. तिला शब्द कळला नाही, पण खळखळून हसली. उतरल्यावर तिनं मावशीच्या हातात सुक्या मासळीची पुडी दिली. मावशी माळकरी. तिनं ती कपाळाला लावून परत केली आणि नुकम्माच्या कपाळावर आपलं कुंकू टेकवलं.

परतताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहाला थांबलो. बाहेर तीच करपलेली माळरानं, तीच टँकरची रांग. दुष्काळ काही आमच्या जाण्यानं हटला नव्हता. पण घर सोडताना आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकीनं कुणाला तरी विचारलं होतं, 'जाऊ का?' होडीत चढताना मात्र एकीनंही विचारलं नाही, हे मला चहा पिताना जाणवलं.

शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं आमच्या पिशव्यांतले शंखशिंपले बघून विचारलं, "कुठून आलात बायांनो? समुद्रावरून का?"

सखूमावशीनं बशी खाली ठेवली.

"समुद्रावरून न्हाई," ती म्हणाली. "समुद्रातून."