विहिरीच्या पाटीवर माझं नाव

मालकानं माझ्या घागरीला लाथ घातली तेव्हा ती अर्धीच भरली होती.

“हीर बाटवती का गं? निघ हितून!”

घागर गडगडत बांधाला लागली. पाणी मातीनं गिळलं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. बौद्धवाड्यातला हातपंप नुसता खाकरायचा, म्हणून मी मालकाच्या रानातल्या नव्या विहिरीवर गेले होते. त्याच्याकडंच मी रोजानं राबत होते. ही विहीर पाडली तेव्हा मुरूम मीच टोपल्यानं वाहिला होता. तेव्हा काही बाटलं नव्हतं.

घागर उचलायला वाकले आणि कठड्यावरची पाटी दिसली. रंग ताजा होता. मी अक्षर लावून लावून वाचते. ‘शासकीय अनुदानातून विहीर. लाभार्थी’ आणि पुढं माझं नाव. अख्खं. मेलेल्या नवऱ्याच्या नावासकट.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! माझं दोन एकर रान मालकाच्या रानाला लागून आहे. मधे फक्त बांध. सरकारनं विहीर दिली ती माझ्या रानाला, आमच्या लोकांसाठी असलेल्या योजनेतून. पाडली ती बांधाच्या पलीकडं. आयत्या बिळावर नागोबा.

मग आठवलं. वर्षापूर्वी मालकानं चावडीवर बोलावून एक कागद पुढं केला होता.

“दुष्काळी कामाचा हाय. उठव अंगठा.”

“मला सही येती.”

“तुला सही कशाला? लई शानी झालीस का?”

चावडीत बसलेले सगळे हसले. मी अंगठा उठवला. त्याची लाज मला आजही वाटते. मी शाळा पाहिली नाही. दीक्षा घेतल्यावर नवऱ्यानं माझं बोट धरून चुलीच्या राखेत अक्षरं गिरवून घेतली, सही शिकवली. म्हणाला होता, “आता कुठंच अंगठा द्यायचा न्हाई.” त्याचा शब्द मी चार माणसांच्या हसण्याला घाबरून मोडला.

लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. तिथल्या कचेरीतून साहेब विहीर तपासायला येणार होता. मालकानं माझ्या घरी कोरं लुगडं धाडलं. सोबत निरोप: उद्या हिरीवर ये, साहेबानं विचारलं तर पाणी मिळतं म्हण.

मी गेले. अंगावर माझंच विरलेलं लुगडं, त्याचं काखेत.

साहेब जीपमधून उतरला. कागदाकडं बघतच त्यानं विचारलं, “बाई, समाधानी आहात ना?”

“हाव साहेब, लई खूश हाय ती,” मालकच बोलला. त्यानं शाईची डबी उघडली, माझा अंगठा धरला आणि शाईत दाबला.

माझ्या घागरीनं विहीर बाटत होती. माझा अंगठा धरताना मात्र त्याचा हात बाटत नव्हता. डोकं फिरलं माझं. हात हिसडून घेतला. लुगडं त्याच्या पायाशी फेकलं. साहेबाच्या खिशातला पेन मागितला नाही, काढून घेतला. साहेबाच्या हातातल्या कागदावर लिहिलं: विहीर माझ्या नावाची. रान मालकाचं. मला पाणी नाही. खाली सही केली. शाईचा डाग पडला. पडू दे.

साहेब चिडला. “बाई, कागद खराब केला तुम्ही!”

विहीर कुणी गिळली याचा त्याला राग नव्हता. कागदाचा होता.

दुसऱ्या दिवसापासून गावात मला काम बंद. दुकानात मीठसुद्धा मिळेना. मालक सांगत फिरतो, पाटीवरचं नाव पुसून टाकतो. पुसू दे. कचेरीतल्या कागदावरचं नाव त्याला पुसता येत नाही. ते पुसलं तर त्याचं अनुदानही पुसलं जातं, आणि हे मला आता कळलंय.

लातूरला मी तीन खेपा घातल्या. चौथी घालणार. आणि रोज सकाळी त्याच विहिरीवर घागर घेऊन जाणार, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दोर तोडला तर दुसरा नेईन. कागदावर यापुढं माझी सहीच होईल. अंगठा फक्त दोर धरायला.