हायड्रोजन पंपावरचा खोटा अलार्म

निवृत्त होऊन फार काळ लोटलेला नाही, पण सेवेतल्या शेवटच्या दिवसांतलं यशवंतपूरच्या हायड्रोजन पंपाचं प्रकरण मनातून जात नाही. त्या वेळी मी तिथल्या ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. माझं मूळ गाव बेळगावकडचं. घरात मराठी, ठाण्यात कन्नड आणि बाहेरून आलेल्यांशी हिंदी, असाच माझा आयुष्यभराचा रिवाज.

शहरात हायड्रोजनवर चालणाऱ्या काही बसची चाचणी सुरू झाली होती. त्यांच्यात गॅस भरण्यासाठी एका खासगी कंपनीने आमच्या हद्दीत, एका जुन्या गोदामाला लागून पंप उभारला होता. बसमधून धूर येत नाही, मागच्या नळीतून नुसतं पाणी ठिबकतं, म्हणून सुरुवातीला लोक कौतुकाने बघायला यायचे. मग पंपावरचा गॅसगळतीचा अलार्म वाजू लागला. तो वाजला की सगळी यंत्रणा आपोआप बंद पडायची, बस खोळंबायच्या आणि आसपासच्या गल्ल्यांतली माणसं मुलांना घेऊन रस्त्यावर यायची. कंपनीचे इंजिनिअर दर वेळी तपासणी करत. टाकीतला दाब जसाच्या तसा, नळ्यांचे जोड घट्ट. गळती कुठेच नाही. पुन्हापुन्हा असं घडल्यावर रहिवासी जमाव करून ठाण्यावर आले आणि पंप हलवा म्हणू लागले. कंपनीच्या व्यवस्थापकाने घातपाताची तक्रार दिली. वरिष्ठांनी मला फोनवर सांगितलं की छडा लागला नाही तर चाचणी गुंडाळावी लागेल.

पहिली खबर पंपासमोरच्या चहावाल्याने दिली. पंपावरचा एक ऑपरेटर दुपारी गोदामामागे जातो, त्याच्या हातात लायटर असतो आणि तो परतला की थोड्या वेळात अलार्म वाजतो, असं त्याने आमच्या हेड कॉन्स्टेबलच्या कानावर घातलं. मी इंजिनिअरला विचारलं. लायटरचा गॅस सेन्सरजवळ सोडला तर अलार्म वाजू शकतो, असं तो म्हणाला.

ऑपरेटर मूळचा नागपूरचा, तिशीतला, नुकतंच लग्न झालेला. ठाण्यात आणून पंचांसमक्ष झडती घेतली, तर खिशात खरोखरच लायटर निघाला. पंचनामा करून आम्ही तो जप्त केला.

चौकशीत आरडाओरडा करण्याची माझी पद्धत नव्हती. समोरच्याला चहा द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. बनाव रचून आलेल्या माणसाला शांतता सहन होत नाही. न विचारलेलं सांगून तो ती भरून काढतो. हा मात्र चहाला हातही न लावता बसून राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, लायटर माझाच आहे. कंपाउंडबाहेर जाऊन सिगरेट ओढतो. पंपावर लायटर सापडला की नोकरी गेली, म्हणून बोललो नाही. घरी तर सोडली असंच सांगून ठेवलंय."

माझा निम्मा विश्वास बसला. तरी ठाण्यातली लिखापढी करणाऱ्या रायटरला पुढचे कागद तयार ठेवायला सांगितलं. तेवढ्यात पंपावरून फोन आला. अलार्म पुन्हा वाजत होता. लायटर माझ्या टेबलावर होता आणि संशयित माझ्यासमोर.

त्याला तिथेच बसवून मी पंपावर पोहोचलो. नेमका कोणता सेन्सर वाजतोय तिथेच मला उभं करा, असं इंजिनिअरला म्हटलं. तो मला सुटे भाग ठेवायच्या खोलीत घेऊन गेला. जुन्या गोदामाचे दोन भाग करून एका भागात ही खोली केली होती. आत शिरताच कुजक्या अंड्यासारखा बारीक वास आला. हायड्रोजनला असा वास असतो का, असं मी विचारलं. त्याला वासच नसतो, इंजिनिअर म्हणाला.

मग हा वास कसला? माझ्या ओळखीचा होता तो. सबइन्स्पेक्टर असताना सीमेवरच्या एका ठाण्यात वायरलेसची खोली होती. तिथल्या बॅटऱ्या जास्त चार्ज झाल्या की असाच वास सुटायचा आणि जुने हवालदार खिडकी उघडून सगळ्यांना बिडी विझवायला लावायचे.

मी बॅटरीचं नाव काढताच इंजिनिअरने वर पाहिलं. मधली भिंत छतापर्यंत पोहोचतच नव्हती. पत्र्याखाली हातभर फट होती.

"चार्जिंगच्या वेळी बॅटरीतूनही हायड्रोजनच निघतो," तो हळूच म्हणाला. "वर जाऊन छताखाली साठतो. पलीकडे काय आहे?"

पलीकडे ई-रिक्षांच्या बॅटऱ्या चार्ज करून देणाऱ्या माणसाची शेड होती. तो बायको आणि लहान मुलीसह तिथेच राहायचा. आम्ही धावत गेलो. तो बॅटऱ्या पोहोचवायला बाहेर पडला होता. भिंतीला बॅटऱ्यांची रांग, वर माळ्यावर मुलगी झोपलेली आणि कोपऱ्यात त्याची बायको स्टोव्हपुढे, हातात काडेपेटी.

"अक्का, काडी ओढू नका. पोरीला घ्या आणि बाहेर या."

माझा गणवेश बघून म्हणा किंवा आवाज ऐकून, तिने काडेपेटी खाली ठेवली. मुलीला उचलून ती बाहेर आली. आतलं बटणही दाबू नका, ठिणगी उडेल, असं इंजिनिअरने बजावलं. म्हणून वीज बाहेरच्या खांबावरून तोडली आणि दारं-खिडक्या सताड उघडल्या. काही वेळाने पलीकडचा अलार्म थांबला.

बाई अथणीकडची निघाली, मराठी बोलणारी. एवढ्या खिडक्या असून बंद का ठेवल्या, असं मी विचारलं.

"अण्णा, तुमच्या पंपाचा गॅस आत येईल म्हणून. पंप झाला तेव्हापासून एकही उघडली नाही."

पंपाच्या भीतीने खिडक्या बंद झाल्या होत्या, त्यामुळे आत गॅस साठत होता, आणि त्याचा अलार्म वाजला की वस्तीची भीती आणखी वाढत होती.

अग्निशमन दलाने पाहणी केली, तेव्हा चार्जरही बिघडलेला निघाला. बॅटऱ्या दुपारीच चार्जला लागत आणि ऑपरेटरच्या सिगरेटची वेळही नेमकी तीच होती. ते काम उघड्या, हवेशीर जागेत हलवलं गेलं आणि कुटुंबाला राहायला वेगळी खोली मिळाली. ऑपरेटरला मी स्वतः पंपावर सोडून आलो. व्यवस्थापकाने त्याला सज्जड ताकीद दिली, पण कामावर ठेवलं. पुढे रहिवाशांची बैठक झाली. इंजिनिअरचं बोलणं लोक अर्धवट ऐकत होते. मग ती बाई मुलीला कडेवर घेऊन उभी राहिली आणि त्या दुपारी काय घडलं ते तिने कन्नडमध्ये सांगितलं. पंप हलवण्याची मागणी त्यानंतर कुणी केली नाही. चाचणी चालू राहिली.

तक्रारीत लिहिलं होतं, खोटा अलार्म कोण वाजवतं ते शोधा. आम्ही सगळे त्या 'कोण'च्या मागे लागलो. अलार्म खरा असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तपासाला निघण्याआधी तक्रारीतला प्रत्येक शब्द आपण स्वतः तपासावा, हे मी त्यानंतर नव्या सबइन्स्पेक्टरांना आवर्जून सांगत आलो.

शेवटी घातपात झालाच नव्हता, असा बी रिपोर्ट, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, मी न्यायालयात पाठवला. मी सही करत असताना रायटर म्हणाला की सर, एवढी धावपळ करून आरोपी कुणीच नाही. मी त्याला म्हटलं, म्हणून तर आज जेवण गोड लागेल.