सासूबाईंचा पेढा

डोंबिवलीच्या त्या हॉस्पिटलात आमच्या घरातल्या तिघांची ऑपरेशनं झाली, आणि तिन्ही वेळा तीच सिस्टर. बुटकी, गडगडाटी हसणारी. पेशंटच्या प्रत्येक कामात ती स्वतःलाही धरते. "चला, आपण बांगड्या काढूया. आता आपण सू करून येऊया."

माझ्या हर्नियाच्या वेळी तिने विचारलं, "सकाळपासून आपण काही खाल्लंय?"

"नाही."

"आणि प्रसाद?"

"तो एक पेढा खाल्लाय." निघताना सासूबाईंनी पेढा भरवलेला. प्रसादाला कोण खाणं म्हणतं?

"अहो ताई, भुलेत तो वर आला तर श्वासात अडकेल! पोटाला काय कळतंय, देवाचा की हलवायाचा?" ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना.

ऑपरेशन संध्याकाळवर गेलं. सासूबाई रडवेल्या झाल्या. तशी तिने त्यांच्या हातातली पेढ्यांची पुडी घेऊन कपाळाला लावली. "आजी, हा प्रसाद मी सांभाळते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला खायला परवानगी दिली, आणि ती पुडी घेऊन हजर. सासूबाईंनी पहिला पेढा मला दिलाच नाही, तो तिच्या तोंडात कोंबला. तिला चक्क हसताही येईना.