तिघांचं एक तिकीट

माझ्या थोरल्या बहिणीनं, नवऱ्यानं टाकल्यावर, दुसरं लग्न केलं नाही. कारण मी पुण्यात एक नाटक पाहिलं होतं. ते नाटक मी पाहिलेलं नाही.

अक्काला दाजींनी दिवाळीला सारोळ्याहून आमच्या गुंजवण्याला आणून सोडली, ती होळी उलटली तरी न्यायला आले नाहीत. घरात तो विषय कुणी काढत नसे. चुलते आबा आणि मी तूप विकायला पुण्याला निघालो, तेव्हा आई म्हणाली, "पोरीला बी न्या. जरा जीव रमंल."

तूप विकलं गेलं आणि आबांना एकदम नाटक पाहायची हुक्की आली! कनातीतला दुपारचा खेळ होता. पण तिकीट परवडणार एकच.

"तीन अंक हायती, आपुन बी तिघं!" आबा म्हणाले. "एकेकानं एकेक बघायचा. म्हागनं एकमेकाला सांगायचं."

पहिला अंक अक्काला दिला. ती डोळे पुसत बाहेर आली.

"नवऱ्यानं घालवली रं तिला," ती मला म्हणाली. "काय सुदीक केलं न्हवतं तिनं."

तेच फाडून उरलेलं अर्धं तिकीट घेऊन आबा दारात गेले. दारावरच्या माणसानं अडवलं.

"मघाशी बाई होती!"

"व्हय. पुतणी हाय माजी. घरचंच तिकीट."

"अहो, ती बायकांच्या बाजूला बसली होती!"

"मग म्या बापयांच्या बाजूला बसतो. तुमची जागा मोकळी झाली न्हवं?"

(या हिशेबावर तो माणूस विचार करेपर्यंत आबा आत जाऊन बसलेही होते.)

दुसरा अंक संपला. आबा बाहेर येऊन म्हणाले, "लई रडती. गात गात रडती. घर न्हाई, दार न्हाई, पन लुगडं कोरं! आनि मनगट बघितलं का तिचं? नांगर धरील!" त्या काळी बाईचं काम पुरुषच करत. आबांना तेवढंच दिसलं होतं.

शेवटचा अंक माझा. अक्कानं माझा हात धरला.

"नीट बघ. नवरा न्यायला येतो का, तेवढं बघ."

मी आत जाऊन चटईवर बसलो. पहाटेपासून डोक्यावर तुपाचा डबा घेऊन घाट चढलो-उतरलो होतो. पेटी वाजायला लागली. पेटीनंतरचं मला काही आठवत नाही. कुणीतरी मला लोळवत होतं.

"ऊठ बाबा, चटई गुंडाळायचीय!"

बाहेर दोघं उभी होती. झोपलो म्हणालो असतो, तर आबांनी तिथंच माझी चटई केली असती.

"आला का?" अक्कानं विचारलं.

"आला."

"कसा आला?"

"च... चालत."

"रडला?"

"लई!"

अक्का हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा. तिनं परत विचारलं, मी परत सांगितलं. कात्रजच्या घाटात पोचेपर्यंत माझ्या सांगण्यात नवरा बैलगाडी घेऊन आला, शिवऱ्यापर्यंत सासूसुद्धा तिच्या पाया पडली!

पुढच्या साली शिवऱ्याचा एक बिजवर पाहुणा आला. शांत, कष्टाळू माणूस. दाजींकडून काडीमोड घेऊन त्याच्याशी पाट लावायचा, असं आबांनी ठरवलं. आतून अक्का म्हणाली, "नाटकातला बी आलाच की शेवटाला. ह्ये बी येतील."

आबा माझ्याकडं वळले. "व्हय रं? तू बघितलंस न्हवं?"

झोपलो होतो, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पाहुणा समोर, आबांची काठी हाताशी. मी म्हणालो, "बघितलं."

पाहुणा चहा न पिता उठला. त्याच उन्हाळ्यात दाजींनी दुसरी केली. अक्का माझ्याच घरी राहिली, माझी पोरं तिनंच वाढवली. गावात सगळे म्हणत, नाटकानं तिला येडं केलं. माझी पोरंही तिला "आला का गं?" म्हणून चिडवत. आणि मी हसत असे. आमच्या घरात येडं कोण होतं, ते आता लिहून ठेवतो.

म्हातारपणी एकदा ती ओट्यावर तांदूळ पाखडत होती. धीर करून मी म्हणालो, "अक्का, म्या त्या दिशी झोपलो हुतो."

"ठावं हाय."

"कसं?"

"गालावर चटई उठली हुती की तुझ्या."

मी तिच्यासमोर बसलो. "मग त्या पाहुण्याला न्हाई का म्हणालीस?"

सूप थांबलं नाही. "जीव तुझ्या दाजींपाशी हुता. आबांम्होरं ते कसं बोलायचं? नाटकाचं नाव सांगितलं."

म्हणजे मी खरं बोललो असतो, तर तिला आडोसाच उरला नसता. कदाचित ती शिवऱ्यात नांदली असती, कदाचित झुरली असती. काय मानावं, ते मला अजून ठरवता येत नाही.

"म्होरं कधी बघितलंस का रं?" ती हळूच म्हणाली. "त्यो शेवट?"

मी बघितला नव्हता. ती नाटक कंपनी कधीच बुडाली होती. आणि मी खरं सांगायलाच तर बसलो होतो.

"बघितला."

"मग?"

"आला, अक्का."

अक्कानं सूप खाली ठेवलं आणि माझा गाल निरखून पाहिला.